मधली पन्नास मिनिटं

मुलगी : बाबा, या दोन कागदांवर दोन वेगळे नंबर का आहेत?

कंट्रोलर : दोन विमानं आहेत म्हणून. इथून मधल्या विमानतळापर्यंत चांदणीवाली, तिथून पुढे पट्टेवाली. एकीच्या शेपटीवर चांदणी आहे आणि दुसरीच्या अंगावर पट्टे. खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत.

मुलगी : म्हणजे कंपन्याही दोन?

कंट्रोलर : तीच तर मेख आहे. एकाच कंपनीचं सरळ काढलं असतं तर दीडपट पडलं असतं. दोन दिवस मोबाईल घेऊन बसलो होतो. चांदणीवालीचा पहिला टप्पा स्वस्त, पुढचा महाग. पट्टेवालीचं नेमकं उलटं. मग दोघींचा स्वस्त तेवढा उचलला. कोपऱ्यावरच्या तिकीटवालीचे तीनशेही वाचले. उगाच कशाला तिच्या घशात घालायचे?

मुलगी : पहिलं उतरतं किती वाजता?

कंट्रोलर : सात पाच.

मुलगी : आणि दुसरं सुटतं?

कंट्रोलर : सात पंचावन्न. मधली पन्नास मिनिटं आपली. तोंड धुऊन, चहा घेऊन आरामात होईल. नऊ वीसला तिथे उतरलो की टॅक्सीला पाऊण तास धर. कोर्ट अकराला. वेळापत्रक करणं तू मला नको शिकवूस.

मुलगी : पहिल्याला उशीर झाला तर?

कंट्रोलर : तर दुसरी थांबेल.

मुलगी : कोण थांबवेल तिला?

कंट्रोलर : असेल ना तिथे कुणीतरी माणूस. मागची येतेय, तिच्यात पुढे जाणारे प्रवासी आहेत, एवढं त्याला कळायलाच हवं. एकतीस वर्षं मी बसस्टँडवर दुसरं केलं काय? डोंगरातली गाडी अडकली की पुढच्या तीन-तीन गाड्या फलाटावर धरून ठेवायचो. ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडायचे, पण शेवटचं माणूस घरी पोचायचं.

मुलगी : बाबा, हा तुमचा स्टँड नाही.

कंट्रोलर : गाडी ती गाडी. चाकांवर असो नाहीतर पंखांवर.

मुलगी : उद्या चुकून चालणार नाही, कळतंय ना तुम्हाला? जज्जसाहेबांनी मागच्याच वेळी बजावलंय, आता पुढची तारीख नाही. ठकी कुणाकडे राहणार ते उद्या ठरणार आहे. आपण तिथे नसलो तर ती माझ्या सासरच्यांकडेच राहील.

कंट्रोलर : मला सांगतेस होय? माझीही नात आहे ती.

मुलगी : थांबा. मी त्या तिकीटवालीलाच फोन लावते.

कंट्रोलर : तिला कशाला? आता ती मनातल्या मनात हसणार. स्वतः काढायला गेले आणि फसले म्हणणार.

मुलगी : हसू दे. हॅलो, ताई? मी कंट्रोलरांची मुलगी बोलतेय. हो, स्टँडवरच्या. फोन स्पीकरवर टाकलाय, बाबाही आहेत.

तिकीटवाली : बोला काका, बऱ्याच दिवसांनी. तिकीट माझ्याकडून नाही ना काढलेलं? मग त्यात मला हात घालता येत नाही, हे आधीच सांगते. नंतर वाईटपणा नको.

मुलगी : बदलायचं नाहीये. फक्त सांगा. उद्या सकाळी माझ्या सासरच्या शहरात पोचायचंय. पहिलं त्या शेपटीवर चांदणीवालीचं, सात पाचला उतरतं; दुसरं पट्टेवालीचं, सात पंचावन्नला सुटतं. मध्ये पन्नास मिनिटं. जमेल?

तिकीटवाली : एकाच बुकिंगमध्ये आहे की वेगवेगळं?

मुलगी : वेगवेगळं.

तिकीटवाली : सामान किती?

कंट्रोलर : एक मोठी बॅग. पंधरा किलोचे पैसे भरलेत दोन्हीकडे. पावती आहे माझ्याकडे.

तिकीटवाली : मग नाही जमायचं, काका. पहिल्यातून उतरलात की बॅग पट्ट्यावर येईपर्यंत वाट बघायची, ती घेऊन बाहेर पडायचं, पुन्हा रांगेत लागून आत शिरायचं आणि दुसऱ्यांच्या काउंटरवर बॅग द्यायची. आणि ते काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं. म्हणजे सहा पंचावन्नला. तेव्हा तुम्ही अजून आकाशातच असणार.

कंट्रोलर : पण आपण येतोय हे त्यांना आधी कळवलं तर? मी स्वतः बोलतो त्यांच्या माणसाशी. नीट, अदबीने बोलतो.

तिकीटवाली : माणूसच नसतो हो काका. या स्वस्तातल्या कंपन्यांना एकमेकींशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही कुठल्या विमानातून आलात की घरून चालत आलात, दुसरीला काय पडलंय? स्वस्त मिळतं ते याचसाठी. कुणी कुणासाठी थांबायचं नाही, हाच त्यांचा धंदा आहे.

मुलगी : आणि बॅग घेतलीच नाही तर?

तिकीटवाली : तर मोबाईलवर आधीच चेक-इन करून पळत सुटायचं. गेट पंचवीस मिनिटं आधी बंद करतात, साडेसातला. आणि चांदणीवाली सकाळची बहुतेक दिवस पंधरा-वीस मिनिटं उशिरा असते. तुमचं नशीब जोरावर असेल तर मिळेल. मी माझ्या घरच्यांना असं पाठवणार नाही.

मुलगी : उद्या सकाळचं थेट आहे का?

तिकीटवाली : आहे, पण साडेदहाला उतरतं.

मुलगी : उपयोग नाही. आज?

तिकीटवाली : आज... बघते. पट्टेवालीचं आहे. सहा दहाला सुटतं, साडेसातला पोचवतं. चार सीट दिसतायत. हातातलं सात किलो फक्त, त्याच्या वर एक रुमालसुद्धा तोलून घेतात. आत्ता वाजलेत सव्वादोन. तुम्हाला साडेतीनला घरातून निघावं लागेल.

मुलगी : जुन्या तिकिटांचं काय होईल?

तिकीटवाली : काय व्हायचंय? गेली ती. तुम्ही दहा मिनिटांत फोन करा. तोवर सीट राहतील असं मी काही लिहून देत नाही.

कंट्रोलर : ठेवला तिने? फोन ठेवताना बरं आहे, येते, असं काही म्हणायची पद्धत राहिली नाही.

मुलगी : बाबा, तयारी करा.

कंट्रोलर : एकाचंच काढ.

मुलगी : म्हणजे?

कंट्रोलर : तू जा आज. मी सकाळी या तिकिटांवर येतो. काढलेली आहेत, वाया कशाला घालवायची? बॅग घेत नाही, मग तर झालं? पायात जोर आहे अजून. धावेन.

मुलगी : चुकलं तर?

कंट्रोलर : तर तू आहेस ना तिथे. आई तू आहेस. मी काय, शेजारी बसायला.

मुलगी : वकीलबाई काय म्हणाल्या होत्या? तुमच्यासमोर म्हणाल्या. सांगा बरं.

कंट्रोलर : बरंच काय काय म्हणाल्या. एवढं सगळं लक्षात राहतं का?

मुलगी : बसगाड्यांचे चारशे नंबर लक्षात आहेत तुमच्या. त्या म्हणाल्या, पोरीची आई आली नाही तर मी तारीख मागून तरी बघेन. पण आजोबा आले नाहीत तर माझ्या हातात काहीच नाही.

कंट्रोलर : वकिलांना बोलायचे पैसे मिळतात.

मुलगी : बाबा, सासरचे लोक लिहून देऊन बसलेत की चार वर्षांपूर्वी, ते अजून इथून बसच्या अंतरावर राहत होते तेव्हा, मी रुसून माहेरी आले आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या पायाने हसत परत गेले. मारहाण झाली असती तर बाई परत आली असती का, असं विचारतायत. त्याला उत्तर द्यायला जगात एकच माणूस आहे.

कंट्रोलर : तू सांग ना. तुझ्यावर ओढवलेलं आहे, तूच सांगितलेलं बरं.

मुलगी : मी सांगितलंय. तीन वेळा सांगितलंय. माझ्या सांगण्याला कागदाचीही किंमत नाही तिथे.

कंट्रोलर : मग मी लिहून देतो. सही करतो, शिक्का मारून आणू. ते घेऊन तू आज जा. माझं अक्षर चांगलं आहे.

मुलगी : कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून ते कागद मानत नाहीत. हेही त्यांनी सांगितलंय.

कंट्रोलर : आवाज खाली घे. शेजारी ऐकतील.

मुलगी : एक विचारू? खरं सांगाल?

कंट्रोलर : मी कधी खोटं बोललोय?

मुलगी : हे तिकीट तुम्ही मुद्दाम असं काढलंत का?

कंट्रोलर : काय म्हणालीस?

मुलगी : चुकावं म्हणून.

कंट्रोलर : पोरी, जीभ सांभाळ. दोन दिवस डोळे फोडून बसलो ते कुणासाठी? ठकीसाठी ही एवढी बॅग भरली ती कुणासाठी? फ्रॉक आणलेत, ती चित्रांची पुस्तकं आणलीत, लोकरीची टोपी आणली.

मुलगी : फ्रॉक तीन वर्षांच्या मुलीचे आणलेत तुम्ही. ती आता पाच वर्षांची व्हायला आलीय.

कंट्रोलर : माझ्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते, तेवढीच. मी काय करू त्याला?

मुलगी : मला तिकिटाचं सांगा. पैसे भरण्याआधी ते एक सूचना दाखवतात. मीही काढलीत तिकिटं, मला माहीत आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची असतील तर पुढचं विमान चुकल्यास जबाबदारी तुमची. ठळक अक्षरांत असतं, आणि खाली चौकोनात खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाचली होती?

कंट्रोलर : सूचना काय, लिहायच्या म्हणून लिहितात. आम्हीही फलाटावर लावायचो, सर्व गाड्या वेळेवर सुटतील म्हणून. सुटायच्या का?

मुलगी : वाचली होती का?

कंट्रोलर : वाचली.

मुलगी : आणि?

(कंट्रोलर उठून बॅगेची चेन उघडतो, पुन्हा लावतो आणि तिथेच जमिनीवर बसतो.)

कंट्रोलर : थांबवतीलच असं वाटलं होतं. देवाशपथ सांगतो, नव्वद टक्के तसंच वाटलं होतं. पण खूण करताना मनात आलं, चुकली तर चुकली. आपण निघालो होतो, वाटेत गाडी चुकली, यात आपला काय दोष? असं आलं मनात. क्षणभर. मग मी खूण केली.

मुलगी : माझी पोर जाईल हे नाही आलं मनात?

कंट्रोलर : आलं. ते नंतर आलं. तोवर पैसे गेले होते.

मुलगी : सांगायचंत मला. सरळ म्हणायचंत की नाही जमणार. मी तुमच्या भरवशावर सात महिने काढले, बाबा. त्यांनी ठकीला तिच्या आत्याकडे नेऊन लपवली, मी रिकाम्या हाताने इथे आले, तेव्हापासून रोज वाटायचं, तारखेला बाबा उभे राहतील.

कंट्रोलर : तिथे सगळे असतील. जावई, त्याचे वडील, तो त्याचा मामा. त्यांच्यादेखत मी काय सांगू? एवढा मोठा कंट्रोलर, सगळ्या स्टँडला शिस्त लावणारा, आणि स्वतःची लेक दारात आली तेव्हा याने काय केलं?

मुलगी : हेच सांगायचं. काय केलं ते.

कंट्रोलर : तुला सोपं वाटतं.

मुलगी : मला? बरं. मी त्यांचा वकील आहे. सांगा मला. त्या संध्याकाळी तुमची मुलगी तुमच्याकडे कशी आली?

कंट्रोलर : हा काय पोरखेळ आहे?

मुलगी : उत्तर द्या. तुम्ही त्या वेळी कुठे होतात?

कंट्रोलर : ड्यूटीवर. स्टँडवर.

मुलगी : ती कुठल्या गाडीने आली?

कंट्रोलर : पाच पन्नासच्या. आठ मिनिटं उशिरा आली होती गाडी.

मुलगी : एकटी होती?

कंट्रोलर : कडेवर वर्षाची पोर होती. एकाच पायात चप्पल होती. दुसऱ्या पायात नव्हती.

मुलगी : तिने काय सांगितलं?

कंट्रोलर : सांगायची गरज नव्हती. कानाच्या मागे सुजलं होतं. केस पुढे ओढून झाकलं होतं, पण दिसत होतं.

मुलगी : मग तुम्ही तिला घरी नेलंत?

कंट्रोलर : नाही.

मुलगी : का?

कंट्रोलर : धाकटीचं लग्न ठरलं होतं. पंधरा दिवसांवर होतं. मला वाटलं, मोठी परत आली हे कळलं तर मोडेल. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. सगळ्यांच्या घरी होतं. असं काय काय वाटलं.

मुलगी : मग तुमची मुलगी स्वतःच्या मर्जीने परत गेली?

कंट्रोलर : बास कर आता.

मुलगी : हो की नाही, एवढंच सांगा. स्वतःच्या मर्जीने गेली?

कंट्रोलर : नाही. मी पाठवली. ती म्हणत होती, बाबा, आजच्या दिवस राहू द्या. मी ऑफिसात बसवलं, चप्पल आणून दिली, पोरीला दूध पाजायला सांगितलं. साडेसातची गाडी लागली होती. ती उठेना. मी गाडी धरून ठेवली. बावीस मिनिटं. आत सगळे प्रवासी बसलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. बाहेरच्यांना वाटलं, साहेब लेकीसाठी गाडी थांबवतायत, केवढी माया. मी तिला दंडाला धरून आत बसवलं. आणि वहीत नोंद केली, चाकात हवा कमी असल्याने विलंब. एकतीस वर्षांत तेवढी एकच नोंद खोटी आहे माझी.

मुलगी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

कंट्रोलर : काय बोलणार? तू खिडकीतून बघत होतीस. हसलीस. मला बरं वाटावं म्हणून हसलीस, कळलं होतं मला. आणि त्या लोकांनी तेच लिहिलंय, हसत गेली म्हणून. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हापासून घास उतरत नाही घशाखाली.

मुलगी : माझ्या मनात तुमच्याबद्दल राग आहे, बाबा. खोटं नाही सांगत. खूप आहे. कधी जाईल माहीत नाही.

कंट्रोलर : असू दे. असायलाच हवा.

मुलगी : पण उद्या तुम्ही आत्ता बोललात तसं बोललात, तर मला पोर मिळेल.

कंट्रोलर : तिथे माझा आवाज फुटेल का?

मुलगी : आत्ता फुटला ना.

कंट्रोलर : आत्ता समोर तू होतीस.

मुलगी : तिथेही मी असेन. माझ्याकडे बघून बोला. त्यांच्याकडे बघूच नका.

कंट्रोलर : रात्री राहायचं कुठे?

मुलगी : विमानतळावर खुर्च्या असतात. सकाळी तोंड धुऊन सरळ कोर्टात.

कंट्रोलर : कपडे कुठले घालू? तो पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

मुलगी : निळा घाला. बरा दिसतो तुम्हाला. आणि वरची गोळ्यांची डबी पिशवीत टाका, ती विसरलात तर माझं डोकं खाल.

कंट्रोलर : लाव मग तिला फोन. दहा मिनिटं होऊन गेली. नाही, माझ्याकडे दे, मी बोलतो. हॅलो, कंट्रोलर बोलतोय. आहेत का सीट?

तिकीटवाली : तीन उरल्यात, काका. एक आत्ताच गेली डोळ्यांदेखत. किती हव्यात?

कंट्रोलर : दोन. माझी आणि मुलीची.

तिकीटवाली : तुमच्या दोघांच्या ओळखपत्रांचे फोटो पाठवा मला. मागच्या वर्षीचे आहेत म्हणा माझ्याकडे, तेच चालतील. शेजारी शेजारी बसायचं तर जागेचे वेगळे पैसे पडतात, मी घेत नाही. तासाभराचा तर प्रवास. जेवण काही मिळणार नाही, घरून खाऊन निघा. आणि परतीचं काय करायचं? ते आत्ता सोबत काढलं तर बरंच स्वस्त पडेल. उद्या तिथे जाऊन काढलंत तर दुप्पट मोजाल.

कंट्रोलर : परतीचं... थांबा हं. अगं, परतीचं विचारतेय. काय सांगू?

मुलगी : द्या इकडे. ताई, परतीचं परवा दुपारचं बघा. उद्याचं नको, कागद हातात यायला संध्याकाळ होईल.

तिकीटवाली : परवा दोन वीसचं आहे, चांदणीवालीचं. भाव बरा आहे. दोन ना?

मुलगी : तीन.

तिकीटवाली : तिसरं कोण?

मुलगी : माझी मुलगी. चार वर्षं दहा महिने. जन्मदाखला आहे माझ्याजवळ, फोटो पाठवते.

तिकीटवाली : दोनच्या वरचं मूल, म्हणजे पूर्ण तिकीट लागेल. आणि ऐका, हे सगळ्यात खालच्या भावातलं आहे. ती आली नाही तर याचे पैसे परत मिळत नाहीत, तारीखही बदलून मिळत नाही. नंतर मला म्हणू नका.

मुलगी : नाही म्हणणार. काढा.